पनवेल : सावलीचे माप आणि सुईचा रोजमेळ

मुंबईहून पुण्यास निघावे, गोव्यास निघावे किंवा अलिबागेस. पनवेल वाटेत लागतेच. कोकणातून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथूनच सुरू होतो. एके काळी येथील खाडीत गलबते लागत, घाटावरच्या बैलगाड्या येथे माल उतरवीत, आणि तांदूळ-मिठाच्या व्यवहारावर येथील पेढ्या उभ्या राहिल्या. आता शेजारी नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. इतके असूनही पनवेल पाहण्यासाठी म्हणून पनवेलला उतरणारा प्रवासी विरळाच. आकाश पाहण्यासाठी तर कोणी हे गाव सुचवणार नाही. महामार्गाचे दिवे, गोदामांचे दिवे, नव्या वसाहतींचे उंच मनोरे यांमुळे रात्री येथे ठळक ग्रह आणि मोजकी तेजस्वी नक्षत्रे एवढेच काय ते उरते.

तरीही आकाशाचा हिशेब ठेवण्याच्या दोन परंपरा या गावी एकत्र येतात. एक जैन घरांतील पच्चक्खाणाच्या कोष्टकांत आहे. दुसरी नवीन पनवेलमधील एका संस्थेच्या नोंदींत. दोहोंची ओळख करून घ्यायची तर मे महिन्याच्या मध्यावरचा एक दिवस पुरेसा आहे. उकाडा मात्र सोसावा लागतो.

सकाळी सहाच्या सुमारास जुन्या गावातील वडाळे तलावाच्या काठी उभे राहिले की पूर्वेला माथेरान आणि प्रबळगड यांची रांग काळसर दिसते. कोष्टकात त्या दिवसाचा सूर्योदय सहा वाजून चार-पाच मिनिटांचा असतो, पण सूर्य काही त्या क्षणी दिसत नाही. कोष्टकातील सूर्योदय मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी मांडलेला असतो. पनवेलकरांच्या क्षितिजावर डोंगर आहे. त्यामुळे बिंब डोळ्यांना दिसते ते काही मिनिटे उशिरा. नवकारशी पाळणारे आजोबा डोंगराकडे पाहत नाहीत, भिंतीवरच्या कोष्टकात पाहतात, आणि लिहिलेल्या सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, म्हणजे एक मुहूर्त पुरा झाला की पाणी घेतात. हे योग्यच आहे. डोंगर गावागावाला वेगळा असतो. गणित सर्वांना सारखे लागू पडते.

मात्र एका गावाचे कोष्टक दुसऱ्या गावाला तसेच्या तसे चालत नाही. पृथ्वी एका अंशाने वळायला चार मिनिटे घेते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे आणि पनवेल सुमारे ७३.१ अंशांवर आहे. म्हणजे घड्याळाच्या मानाने येथील सूर्य सरासरी ३७ ते ३८ मिनिटे मागे चालतो. ही तफावत मुंबईला फार जाचत असे. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. त्या काळी एकाच माणसाच्या मनात रेल्वेची एक वेळ आणि गावाची दुसरी वेळ असे. चौविहार मात्र दोन्ही घड्याळांना न विचारता सूर्याबरोबर चाले.

दुकानदाराला या बाबतीत एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते, तिचे कारण ठाऊक नसते. वर्षातील सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. मग सर्वांत लवकर सूर्यास्तही त्याच दिवशी व्हावा, असे वाटते. पण पनवेल-मुंबईकडे चौविहाराची सर्वांत मोठी घाई नोव्हेंबरच्या अखेरीस होते. तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्यास्त चार-पाच मिनिटे पुढे सरकलेला असतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा किंचित लांबट आहे. म्हणून एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ रोज नेमका २४ तासांचा नसतो. त्या काही सेकंदांची बेरीज होत होत मिनिटे साचतात. पेढीवरच्या माणसाला साचत जाणाऱ्या व्याजाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही, तसेच हे.

दुपारी गावातल्या कोणत्याही गच्चीवर एक सरळ काठी उभी करावी. १५-१६ मे या दिवसांत साडेबारा वाजून गेल्यावर सावली आखडत आखडत काठीच्या बुंध्याशी येते आणि १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो. पनवेलचा अक्षांश १९ अंशांच्या किंचित आत आहे आणि त्या दिवशी सूर्याची क्रांतीही तेवढीच असते. असा दुसरा दिवस २७-२८ जुलैला येतो, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसेल तर नशीब. या दोन तारखांच्या मधल्या काळात, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, पनवेलची मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. एक मीटर काठीची २१ जूनची सावली सुमारे आठ सेंटीमीटर, दक्षिणेला. २२ डिसेंबरची सुमारे एक्क्याण्णव सेंटीमीटर, उत्तरेला. शाळकरी मुलांनी वर्षभर दर पंधरा दिवसांनी त्या गच्चीवर खडूने खुणा केल्या, तर पृथ्वीचा कल त्यांना पुस्तक न उघडता मोजता येईल.

आणि येथेच जैन वाचकाला ओळखीची खूण पटते. ‘पोरिसी’ हा शब्द आजही पच्चक्खाणात रोज उच्चारला जातो. तो पुरुषाच्या सावलीवरून आलेला आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात, साधूंच्या सामाचारीत, पौरुषीचे माप दिलेले आहे : आषाढात दोन पाद, पौषात चार पाद, चैत्र आणि आश्विनात तीन पाद. सावली सात दिवसांत एक अंगुल, पक्षात दोन अंगुल आणि महिन्यात चार अंगुल वाढते किंवा घटते. हिशेब ताडून पाहावा. आषाढ ते पौष सहा महिने, महिन्याला चार अंगुल, एकूण चोवीस अंगुल; बारा अंगुलांचा एक पाद, म्हणजे वाढ दोन पादांची. दोनाचे चार झाले. वही जुळली. घड्याळ नसलेल्या, घर नसलेल्या, सतत विहार करणाऱ्या साधूला स्वाध्यायाची आणि भिक्षेची वेळ कळावी म्हणून ही व्यवस्था होती. आपल्या सावलीखेरीज तिला दुसरे उपकरण लागत नव्हते.

पण पनवेलच्या गच्चीवरची काठी एक अडचणीचा प्रश्नही उभा करते. हे माप ज्या प्रदेशाशी जोडले जाते, त्या मगधातील राजगृही २५ अंशांवर आहे. तेथे सूर्य वर्षातून एकदाही नेमका डोक्यावर येत नाही, सावली कधी शून्य होत नाही, कधी दक्षिणेला वळत नाही. कोकणात ती दोन्ही करते. म्हणजे एका अक्षांशावरचे सावलीचे माप दुसऱ्या अक्षांशावर जसेच्या तसे लागू होणार नाही. आज गावोगावची कोष्टके पोरिसीची वेळ सूर्योदय-सूर्यास्तामधल्या काळाचा चौथा भाग घेऊन काढतात आणि तो सूर्योदय आधुनिक खगोलगणिताने मांडलेला असतो. व्रत तेच राहिले, माप बदलले. कोणी त्याला व्रतभंग म्हटले नाही.

या अडचणीमागे आणखी मोठी अडचण उभी आहे, आणि ती घराघरांत येऊन पोहोचली आहे. पाठशाळेत मूल जंबूद्वीप शिकते : मध्ये मेरू, त्याला प्रदक्षिणा घालणारे दोन सूर्य आणि दोन चंद्र. शाळेत तेच मूल एक सूर्य आणि त्याभोवती फिरणारी पृथ्वी शिकते. घरी जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ वाढदिवसाला आलेले असते. मग एके दिवशी जेवताना प्रश्न येतो आणि वडील मोबाईलकडे पाहू लागतात. यावर दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. एक, आधुनिक विज्ञान आज जे सांगते ते सारे शास्त्रात आधीच होते. दुसरे, शास्त्रातील सारे आकाश म्हणजे कल्पना. पहिले उत्तर शास्त्राच्या तोंडी त्याने न म्हटलेले घालते. दुसरे उत्तर देणाऱ्याने सूर्यप्रज्ञप्ती किंवा तिच्यावरील मलयगिरींची टीका उघडलेली नसते. नाहीतर सूर्याची रोजची मंडले, दिवसमानाची वाढ-घट, नक्षत्रांशी चंद्राचा योग यांवर तेथे किती कष्टाने आकडे मांडले आहेत, हे त्याला दिसले असते. त्या आचार्यांनी पाहिले, मोजले आणि जे पाहिले त्याला बसेल अशी एक मांडणी केली. पुढे मोजण्याची साधने वाढली आणि दुसरी मांडणी अधिक ठिकाणी खरी उतरली. ग्रहणाचा सेकंद आणि यानाचा मार्ग तिनेच सांगता येतो. मुलाला एवढे सरळ सांगण्यात संकोचाचे कारण नाही. जुन्या वहीवर नवी जमा लिहिताना व्यापारी जुने पान फाडत नाही, आणि जुन्या पानावर खाडाखोड करून ते आजच्यासारखे दाखवीतही नाही.

वहीचा हा विषय निघाला की जुने पनवेल ओलांडून रेल्वेच्या पलीकडे जावे लागते. नवीन पनवेलमध्ये, कळंबोलीकडच्या महामार्गालगत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. रस्त्याने जाणाऱ्या हजारो लोकांना ते एखादे सरकारी कार्यालय वाटत असेल. पृथ्वीचे चुंबकत्व, त्यावर सूर्याचा होणारा परिणाम आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांचे वर्तन हा संस्थेचा अभ्यासविषय. १९७१ साली ती स्वायत्त संस्था झाली, पण तिचा वारसा त्याहून पुष्कळ जुना, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत पोहोचणारा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ती वेधशाळा जहाजांना अचूक वेळ मिळावी, आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून उभारली. १८४१ पासून तेथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या.

या नोंदी कशा होत? टांगलेला चुंबक शांत खोलीत हलत राहतो. ते हलणे डोळ्यांना जाणवण्याइतकेही नसते. दुर्बिणीतून मोजपट्टीवर त्याचे स्थान वाचायचे, वेळ लिहायची, आकडा लिहायचा. तासाभराने पुन्हा तेच. रात्री तेच. सणाला तेच. सुई अस्वस्थ झाली तर पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी वाचायची. जगात यापेक्षा कंटाळवाणा रोजमेळ कोणी लिहिला नसेल. या आकड्यांतून काय निघेल हे लिहिणाऱ्यास सांगता आले नसते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता डागांच्या समूहावर त्यांना डोळे दिपवणारी पांढरी झळाळी दिसली. पाच मिनिटांत ती विझली. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही तारा बॅटरी काढूनही चालू राहिल्या, आणि ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यापर्यंत दिसला. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या नोंदीत पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक दुपारच्या आधी एकाएकी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. म्हणजे येथील एकूण आडव्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास. ऐकायला हे थोडे वाटते. सुईच्या जगात हा भूकंप आहे. १० मे २०२४ च्या ज्या वादळाने लडाखमधील हानलेचे आकाश लाल केले, तेही याच्या पुष्कळ मागे राहते.

पंचांग मागे नेऊन पाहिले तर २ सप्टेंबर १८५९ हा दिवस भाद्रपद शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यात पडतो. संवत्सरीचे ते दिवस. मुंबईच्या देरासरांत आणि उपाश्रयांत वर्षभराच्या चुकांची आलोचना चालू होती, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला एक माणूस दुर्बिणीला डोळा लावून असा आकडा वाचत होता, जो त्याला आपलीच चूक वाटावी. उपकरण बिघडले असे समजून त्याने सरासरीच्या जवळचा आकडा लिहिला असता, तर कोणी विचारले नसते. त्याने दिसला तोच लिहिला आणि पुढच्या काही मिनिटांनी पुन्हा वाचला.

ती वही १४४ वर्षे पडून राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर या भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, त्यांत गुरबक्षसिंग लखीना हेही होते, ती नव्याने अभ्यासून कॅरिंग्टन वादळाची तीव्रता मांडली. इतर अनेक वेधशाळांत त्या दिवशी खुणा मापपट्टीच्या बाहेर गेल्या होत्या. विषुववृत्तापासून दूर नसलेल्या कुलाब्याची नोंद उपयोगी पडली. आज उपग्रहांचे विमे, विद्युतजाळ्यांची सुरक्षा, विमानांचे ध्रुवाजवळचे मार्ग यांचा विचार करताना ‘वाईटात वाईट काय होऊ शकते’ याचे एक माप म्हणून जगभर या नोंदीकडे पाहिले जाते.

ही सुई कुलाब्याहून हलली त्याचे कारण व्यापाराची भरभराट. मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी गढूळ झाल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली : अलिबाग. पनवेलहून तेथे जाणारा रस्ता पेणवरून जातो आणि त्याच्या सुरुवातीलाच कर्नाळ्याचा सुळका आकाशात अंगठ्यासारखा उभा दिसतो. तोही एक रोजमेळच म्हणावा लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होत असता त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तर-दक्षिणेला लागून गोठले. दख्खनच्या दगडांतील अशा खुणा १९५०च्या दशकात वाचल्या गेल्या, आणि ते दगड तयार झाले तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असे त्यांतून निघाले.

पण जो दगड स्वतःच चुंबकीय आहे, त्याच्या भिंती बांधून सुई पाहता येत नाही. म्हणून अलिबागेच्या वेधशाळेसाठी कोकणातला काळा पाषाण टाळून पोरबंदरी दगड आणला गेला आणि बांधकामात लोखंड वापरले नाही. (घरात सळ्यांच्या स्लॅबखाली होकायंत्र ठेवून वास्तूची दिशा ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोकळ्या जागी येथील होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही; स्लॅबखाली ते काहीही सांगू शकते.) १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या. जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत ओढताना फरक राहू नये, एवढाच हेतू. ट्राम १९०७ मध्ये धावली. १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदींची खतावणी दोन भागांत छापली. पारशी गृहस्थाचे हे काम पाहून कोणत्याही मुनीमाने मान डोलवावी.

अलिबागेच्या थोडे दक्षिणेला नागाव आहे, केरो लक्ष्मण छत्रे यांचे गाव. नारळी-पोफळीच्या या वाड्यांतून निघालेल्या माणसाने तरुणपणी कुलाबा वेधशाळेत काम केले, १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली, आणि पंचांगातील ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत नाहीत तेव्हा पंचांग दुरुस्त करावे, असे सांगितले. त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. त्याला विरोध झाला. तिथी बदलली तर एकादशी चुकेल, श्राद्ध चुकेल, ही भीती खरीच होती. पंचमी-चतुर्थीवरून संवत्सरीचे दोन दिवस होताना पाहिलेल्या जैन समाजाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. छत्रे १८८४ मध्ये वारले. त्यांचा मुद्दा मात्र भिंतीवरच्या कोष्टकांत शिरला आहे. नवकारशीची मिनिटे आता आकाशाला विचारूनच छापली जातात.

संध्याकाळी अलिबागेच्या किनाऱ्यावर मे महिन्यात सूर्य सात वाजून सहा-सात मिनिटांनी बुडतो. पनवेलच्या मानाने हा सूर्यास्त सुमारे एक मिनिट उशिरा, कारण अलिबाग पाव अंशाने पश्चिमेला आहे. डोंगर नाही, इमारत नाही. समोर कुलाबा किल्ला आणि त्यापलीकडे समुद्राची सरळ रेषा. येथे मात्र कोष्टकातला क्षण आणि डोळ्यांना दिसणारा क्षण जवळजवळ एक होतात. चौविहार करणारे कुटुंब पावणेसातलाच डबे आवरून घेते. आजी मुलांना शेवटचे पाणी देते आणि बाटलीचे झाकण लावते. बिंब अर्धे होते, पाव होते. एक मुलगा मोठ्याने सेकंद मोजत असतो.

पश्चिमेला संधिप्रकाश ओसरू लागतो. पूर्वेकडे, मुंबई-पनवेलच्या दिशेला, आभाळ पिवळसर उजळलेले राहते. समुद्राच्या बाजूने एकेक तारा वर दिसू लागतो. किनाऱ्यापासून जवळच, पोरबंदरी दगडाच्या भिंतींआड, त्या मिनिटाचा आकडा नोंदला जातो. नंतर पुढच्या मिनिटाचा.